शेवटचं कडवं

साल 1943 च्या थोडं आधीचं. तुम्ही मुंबईत, शिवडीच्या चाळीत उतरलाय. खिशातला मोबाइल इथं कुणाला दाखवू नका. गर्दीत एक विशीतला पोरगा हुडका: सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा वामन तबाजी कर्डक. कोळसे वेच, चिक्की विक, पडेल ते काम कर, असं त्याचं चाललंय.

एक जण त्याच्यापुढं पत्र धरतो. ‘जरा वाचून दाखवता का?’ वामन कागद हातात घेतो आणि गप्प होतो. तुम्हाला अक्षरं दिसतात, त्याला नुसत्या रेघोट्या. तुम्ही पुढं होऊन वाचून देऊ शकता. देऊ नका. ही शरम त्याला लागायलाच हवी. त्यानंतरच तो देहलवी मास्तरांकडं बाराखडी गिरवायला बसणार आहे.

आता त्याच्या मागून चाला. रस्त्यानं जाताना तो दुकानांच्या पाट्या जुळवत निघालाय. एका पाटीपाशी अडतो. ओठ हलतात, जोडाक्षर नडलंय. पुन्हा पहिल्यापासून. दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईक आलं.

1943 मध्ये वामनचं पहिलं गाणं होतं. पुढची वर्षं भराभर जाऊ द्या, आंबेडकर जयंत्या आणि गावोगावचे कार्यक्रम त्यात आलेच. मराठवाड्यात मात्र थांबा. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव होतो आणि दलित वस्त्या जळू लागतात. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडतो. एवढी वर्षं माणसं भाषणांपेक्षा गाण्यांवर तगली, असं माझं तरी मत आहे. 15 मे 2004 ला वामन, म्हणजे तोवर सगळ्यांचे झालेले वामनदादा, गेले.

आता मराठवाड्यातल्याच वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत या. यंदाची 14 एप्रिल, आंबेडकर जयंती, बजाजनगर. फर्स्ट शिफ्ट करून आलेली पोरं कंपनीच्या शर्टातच नाचतायत. ट्रकवर स्पीकरची भिंत, गाणं वामनदादांचं. अभंगात संत गुंफतात तसं दादा शेवटच्या कडव्यात ‘वामन’ गुंफायचे. ऐन विशीपर्यंत निरक्षर राहिलेल्या माणसाची ती सही. डीजेवाला मात्र दोन कडव्यांत पुढच्या गाण्यावर उडी मारतो.

‘भाऊ, पूर्ण लाव की.’

‘पब्लिक थांबतंय का तेवढं?’

‘शेवटचं कडवं तरी.’

तो एका कानावरचा हेडफोन सरकवतो. ‘काय आहे त्यात एवढं?’

‘लिहिणाऱ्याचं नाव.’