पौंडाचा भाव आणि भंडाऱ्याची ख्रिस्ती मंडळी

मराठी ख्रिस्ती व्यवहारात ‘मिशन’ आणि ‘मंडळी’ हे शब्द शेजारी नांदतात. त्यांचा अर्थ मात्र एक नव्हे. मंडळी म्हणजे उपासनेस जमणारा समाज. मिशन म्हणजे पगार, औषधे व शाळा यांचा खर्च सोसणारी संस्था. मंदीत मोठ्या चर्चवर येणारा आर्थिक ताण भंडारा जिल्ह्यात शोधू गेल्यास हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा लागतो. कारण ते मोठे चर्च स्कॉटलंडात होते, भंडाऱ्यात होती ती लहानशी मंडळी.

स्कॉटलंडच्या फ्री चर्चने भंडाऱ्यास 1882 साली ठाणे उघडले. त्यापूर्वी चारच वर्षे, 2 ऑक्टोबर 1878 रोजी, सिटी ऑफ ग्लासगो बँकेने दारे लावली होती. भागधारकांची जबाबदारी अमर्यादित असल्याने 1,819 जणांपैकी अवघे 254 दिवाळखोरीतून वाचले. फ्री चर्च सभासदांच्या वर्गणीवर चाले. तेव्हा अशा काळात दूरदेशी नवे ठाणे उघडणे धाडसाचेच म्हटले पाहिजे. धर्मोत्साह हे त्यामागील कारण उघड आहे. परंतु चांदीची घसरणही मिशनच्या पथ्यावर पडत होती, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. 1870 च्या सुमारास पौंडाचे साधारण 10 रुपये येत. 1894-95 साली ते 18 च्या वर गेले. हिंदुस्थान सरकारला जाचणारी हुंडणावळ येथे मिशनला लाभदायक ठरली! पुढे 15 रुपयांवर भाव स्थिरावला. 1896-97 व 1899-1900 या दुष्काळांच्या काळात मध्य प्रांतातील मिशनांवर अनाथांचा भार वाढला, तोही याच सुमारास.

1927 च्या चलनविषयक कायद्याने रुपया 18 पेन्सांचा ठरला आणि फासा उलटला. 1,000 पौंडांचे 15,000 ऐवजी 13,333 रुपये हाती येऊ लागले. 2 ऑक्टोबर 1929 रोजी (तारखेचा योगायोग चमत्कारिक आहे) युनायटेड फ्री चर्च व चर्च ऑफ स्कॉटलंड यांचा संयोग झाला, आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. क्लाइडकाठच्या जहाजकारखान्यांत बेकारी पसरली. वर्गणी देणारे हात तेथेच रिकामे झाले.

तांदूळ स्वस्त झाल्याने अनाथालयाच्या स्वयंपाकघरास थोडा दिलासा मिळाला असेल. औषधांचे तसे नव्हते, पगारांचेही नव्हते. शिवाय भंडारा हा धानाचा मुलूख. स्वस्त झालेल्या त्याच धानावर ज्यांचा संसार, त्या मंडळीच्या हाती वर्गणीस रोकड कोठून उरणार?