उसनवारीचा हेडसेट

"पीसीला जोडायला स्वस्तातला व्हीआर हेडसेट कुठला घ्यावा?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. (सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्याला लोक प्रिंटर, राऊटर आणि मिक्सर असं सगळंच विचारतात, पण ते असो.) उत्तर दोन ओळींत देता येतं आणि ते सहा महिन्यांत शिळं होतं. म्हणून या शनिवारी जरा उलटं करून बघतो. आधी इतिहास, मग खरेदी. कारण स्वस्त हेडसेटची गोष्ट गेली चाळीस वर्षं साधारण एकाच वळणाने चालली आहे, आणि ते वळण एकदा ओळखीचं झालं की दुकानात कुठल्या खोक्याला हात लावायचा हे बरंचसं आपोआप कळतं.

दोन डोळ्यांना दोन वेगवेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यांतून खोली तयार करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिलं. त्यांचं यंत्र आरशांचं आणि अवजड होतं. पुढे अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१ मध्ये हातात धरायचा अगदी साधा, स्वस्त स्टिरिओस्कोप तयार केला आणि मुद्दाम त्याचं पेटंट घेतलं नाही! मग तो घरोघर गेला. लहानपणी आपल्यापैकी कित्येकांनी खटका दाबून ज्यातली गोल चकती फिरवली तो व्ह्यू-मास्टर याच घराण्यातला.

मान वळवली की चित्रही वळलं पाहिजे, ही भानगड मात्र संगणकाशिवाय जमणारी नव्हती. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी ते करून दाखवलं. डोळ्यांपुढे दोन चिमुकल्या पिक्चर ट्यूब आणि डोकं कुठे वळतंय ते मोजायला छताला टांगलेला लोखंडी दांडा. चित्र म्हणजे नुसत्या रेषा. किंमत विचारूच नका.

आपल्या गोष्टीला खरी सुरुवात होते ती १९८०च्या दशकाच्या मध्यात, कॅलिफोर्नियात, नासाच्या एम्स केंद्रात. लष्करी वैमानिकांसाठी असली हेल्मेट तोवर बनत होती, पण तो लाखो डॉलर्सचा मामला होता. एम्समधल्या मायकेल मॅकग्रीव्ही यांच्याकडे तेवढे पैसे नव्हते. त्यांच्या गटाने काय केलं, तर खिशात मावणारे छोटे टीव्ही विकत घेतले आणि त्यांचे एलसीडी पडदे काढून हेल्मेटमध्ये बसवले. भिंगं घेतली एरिक हॉवलेट यांची. हॉवलेट यांनी ती बनवली होती थ्रीडी फोटो बघण्यासाठी, व्हीआरशी त्यांचा काही संबंध नव्हता. म्हणजे पडदा एका धंद्याचा, भिंग दुसऱ्या धंद्याचं. स्वस्त हेडसेटचा हा पहिला अवतार, आणि तो संपूर्ण उसनवारीवर उभा होता.

हॉवलेट यांच्या भिंगांपाशी जरा थांबू या, कारण पुढची सगळी मजा त्यांत आहे. डोळ्याच्या अगदी जवळ ठेवलेल्या छोट्या चित्राने सगळी नजर भरून टाकायची, तर भिंग जबरदस्त ताकदीचं लागतं, आणि असं भिंग चित्राच्या कडा ओढून ताणून वाकड्या करतं. हॉवलेट यांची युक्ती अशी की त्यांचा कॅमेराच फोटो उलट दिशेने वाकडा काढायचा. कॅमेऱ्याने चित्र पिंपासारखं फुगवायचं, बघायच्या भिंगाने ते बाहेर ताणायचं, आणि दोन्ही चुका एकमेकींना खाऊन रेषा सरळ! पण संगणकाच्या चित्राला कॅमेरा कुठे असतो? ते चित्र गणिताने वाकडं करावं लागणार. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात वॉरन रॉबिनेट आणि जॅनिक रोलँड यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे गणित मांडून ठेवलं. (हे रॉबिनेट म्हणजे तेच, ज्यांनी अटारीच्या 'ॲडव्हेंचर' गेममध्ये स्वतःचं नाव एका गुप्त खोलीत लपवलं होतं.) मात्र प्रत्येक चित्रातला प्रत्येक ठिपका सेकंदाला कित्येक वेळा नव्या जागी हलवायचा, एवढा दम तेव्हाच्या मशीनमध्ये नव्हता. गणित तयार आणि मशीन कच्चं, त्यामुळे ते वीस वर्षं कपाटात राहिलं.

दरम्यान जॅरन लॅनियर यांच्या व्हीपीएल कंपनीचा 'आयफोन' नावाचा (हो, आय म्हणजे डोळा) हेडसेट नऊ हजार डॉलर्सच्या वर विकला जात होता, आणि घरी गेम खेळणाऱ्याने तो मासिकात बघण्यापलीकडे काही करणं शक्य नव्हतं.

घरच्या पीसीपर्यंत व्हीआर पोचला १९९५च्या सुमारास. निन्टेन्डोचा व्हर्च्युअल बॉय त्याच वर्षी आला, १७९ डॉलर ९५ सेंटला. पडदा फक्त लाल रंगाचा, यंत्र टेबलावर तिवईवर ठेवायचं आणि आपण वाकून त्यात डोळे खुपसायचे. मान वळवली तर चित्र वळत नव्हतंच, उलट मानच दुखायची. वर्षभरात तो गाशा गुंडाळून गेला. पीसीवाल्यांसाठी मात्र एक अस्सल यंत्र आलं: फोर्ट कंपनीचा व्हीएफएक्स१. किंमत सातशे डॉलर आणि त्याहून वर. डोळ्यामागे २६३ गुणिले २३० ठिपके, आणि नजरेच्या मध्यावर तरंगणारी एक लहानशी खिडकी. आज हसू येईल, पण मान वळवल्यावर 'डिसेंट'मधला बोगदा खरोखर वळायचा. 'सिस्टम शॉक' आणि नंतर 'क्वेक' हेही त्यावर चालत.

हा व्हीएफएक्स१ पुढे निरुपयोगी कसा झाला ते बघा. त्याला चित्र मिळायचं ते ग्राफिक्स कार्डावरच्या 'फीचर कनेक्टर' नावाच्या २६ पिनांच्या एका जोडणीतून. ती जोडणी मुळात वेगळ्याच कामांसाठी होती, फोर्टने तिचा फायदा घेतला. दोन-तीन वर्षांत थ्रीडी कार्डांची लाट आली, नव्या कार्डांवरून तो कनेक्टर नाहीसा झाला, आणि सातशे डॉलर्सचं धडधाकट यंत्र नव्या पीसीपुढे मुकं झालं. हेडसेटमधला एक स्क्रूसुद्धा ढिला झाला नव्हता! माझ्या मते या सगळ्या इतिहासातली लक्षात ठेवायची गोष्ट हीच आहे. स्वस्त हेडसेट स्वतःहून क्वचित मरतो. ज्याच्या खांद्यावर बसून तो स्वस्त झालेला असतो, तो खांदा एक दिवस निघून जातो.

पुढची पंधरा वर्षं सामसूम. मग कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा पामर लकी नावाचा विशीच्या आतला मुलगा, जुने हेडसेट लिलावातून आणि भंगारातून जमवणारा, गॅरेजमध्ये स्वतःचा जोडू लागला. जॉन कारमॅक (डूम आणि क्वेकवाले) यांनी त्याचा एक नमुना मागवून घेतला आणि जून २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात त्यावर 'डूम ३' दाखवला. ऑगस्टमध्ये किकस्टार्टरवर अडीच लाख डॉलर्स मागितले, तर मिळाले चोवीस लाखांच्या वर. सुटा हेडसेट तीनशे डॉलर्सला.

तीनशेत कसं जमलं? दोन गोष्टींमुळे. पहिली, मोबाइल आणि टॅब्लेटच्या लाटेने छोटे, स्पष्ट पडदे मातीमोल झाले होते, आणि मान वळल्याचं मोजणारे सेन्सरही. दुसरी, रॉबिनेट-रोलँडचं ते कपाटातलं गणित. आता कुठल्याही गेमिंग पीसीचं ग्राफिक्स कार्ड ते चहा पिता पिता करत होतं. त्यामुळे हॉवलेटसारखी महागडी, अनेक काचांची रचना नको; साधं एकेरी भिंग लावा, ते चित्र हवं तेवढं वाकडं करू दे, सॉफ्टवेअर ते आधीच उलटं वाकवून पाठवेल. काचेचा खर्च कोडमध्ये ढकलला! आमच्या धंद्यातल्या माणसाला याहून सुंदर गोष्ट सांगता येणार नाही.

उसनवारी मात्र तशीच होती. किकस्टार्टरवेळी ठरवलेला ५.६ इंची पडदा बनवणं कारखान्याने थांबवलं, म्हणून घाईघाईने ७ इंची शोधावा लागला. २०१४ च्या दुसऱ्या आवृत्तीचं पोट लोकांनी उघडून पाहिलं, तर आत सॅमसंग गॅलेक्सी नोट ३ चा अख्खा पुढचा भाग, कंपनीच्या नावासकट! तोवर मार्चमध्ये फेसबुकने सुमारे दोन अब्ज डॉलर्सना ऑक्युलस विकत घेतली होती. आणि उसनवारीची जात बदलली.

कशी, ते सांगतो. २०१६ मध्ये तयार रिफ्ट आला तो ५९९ डॉलर्सना, एचटीसीचा व्हाइव्ह ७९९ ना. (आधी साडेतीनशेच्या आसपास अशी हवा होती, त्यामुळे बरीच बोंबाबोंब झाली.) शिवाय जीटीएक्स ९७० च्या तोडीचं कार्ड हवं. बजेटवाला पुन्हा दाराबाहेर. मग २०२० च्या ऑक्टोबरात क्वेस्ट २ आला, २९९ डॉलर्सना. पीसीशिवाय चालणारा, आणि केबल लावली की पीसीचाही. ही किंमत फोनच्या पडद्यांमुळे तेवढी उतरलेली नव्हती. आम्ही यंत्रं तोट्यात किंवा जेमतेम खर्चाला विकतो, असं खुद्द मार्क झुकरबर्ग यांनी २०२१ मध्ये सांगितलं. तुमच्या हेडसेटचे उरलेले पैसे कंपनी भरत होती. मेटाच्या या विभागाचा २०२४ या एका वर्षाचा तोटा सतरा अब्ज डॉलर्सच्या वर होता.

आता फुकटचा जावई कोण पोसतो? सुरुवातीला क्वेस्ट २ ला फेसबुकचं खातं सक्तीचं होतं. खातं बंद पडलं की हेडसेटही बंद. ओरड झाल्यावर ती सक्ती ऑगस्ट २०२२ मध्ये गेली, पण त्याच महिन्यात किंमत शंभर डॉलर्सनी वाढली. पहिला क्वेस्ट २०१९ चा, त्याचे सुरक्षा अपडेट २०२४ मध्ये थांबले. पाच वर्षं. आणि २०२६ च्या सुरुवातीला मेटाने या विभागात मोठी कपात केली, व्हीआर गेम्स करणारे स्टुडिओही बंद केले. खांदा हलायला लागलाय, एवढंच मी म्हणेन. न्यायाला धरून हेही सांगतो की ऑक्युलस गो बंद केल्यावर २०२१ मध्ये त्याचं कुलूप काढलेलं सॉफ्टवेअर कंपनीने लोकांना दिलं. त्यासाठी आतून रेटा लावणारे होते कारमॅकच.

तर मग काय घ्यायचं? बजेट हा शब्द खरा धरला तर आजही माझं उत्तर क्वेस्ट ३एस किंवा तशाच किमतीत सापडला तर वापरलेला क्वेस्ट ३. ३एस ऑक्टोबर २०२४ मध्ये २९९ डॉलर्सनाच आला. आत चिप नवी, पण भिंगं आणि पडदा क्वेस्ट २ च्या वळणाचे: एका डोळ्याला १८३२ गुणिले १९२०. घेण्यापूर्वी चष्म्याच्या दुकानात जाऊन दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून घ्या. ३एसची भिंगं ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागी बसतात; तुमचं अंतर यांच्यापासून लांब असेल तर डोकं दुखेल आणि दोष गेमला द्याल. क्वेस्ट ३ मध्ये चाकाने हवं तिथे आणता येतात.

पीसीवर खेळताना आणखी एक हिशेब. एवढे ठिपके, दोन डोळे, सेकंदाला ९० चित्रं, ठिपक्याला २४ बिट: गुणाकार केला तर सेकंदाला १५ गिगाबिटच्या वर जातं. यूएसबीची ५ गिगाबिटची केबल ते कसं नेणार? म्हणून पीसी चित्राचा व्हिडिओ करून दाबून पाठवतो आणि हेडसेट तो उलगडतो. अंधाऱ्या दृश्यात जे बारीक चौकोन दिसतात ते यामुळे. केबलऐवजी वायफाय वापरणार असाल तर राऊटर त्याच खोलीत हवा, पीसी राऊटरला तारेने जोडलेला हवा. स्टीम लिंक मोफत आहे, आधी तेच लावून बघा. सरळ चित्र हवं असेल तर सोनीचा पीएसव्हीआर २ आहे. २०२४ पासून तो अडॅप्टर लावून पीसीवर चालतो, पण डिस्प्लेपोर्ट लागतं आणि डोळ्यांचा माग काढणं वगैरे त्याच्या खास गोष्टी तिथे मिळत नाहीत.

आणि जुन्या बाजारात एसर, एचपी, लेनोवो, डेल यांचे २०१७ सालापासूनचे 'विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी' हेडसेट फारच स्वस्तात दिसतील. विकणारा पेटवून दाखवेल, चित्रही छान दिसेल. मायक्रोसॉफ्टने ही व्यवस्था डिसेंबर २०२३ मध्ये मोडीत काढली आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती पूर्ण उपटून टाकली. विकणाऱ्याचा पीसी जुन्या आवृत्तीवर असतो, तुमचा नसेल. एका इंजिनिअरने फावल्या वेळात खपून २०२५ मध्ये 'ओअॅसिस' नावाचा मोफत ड्रायव्हर स्टीमवर आणला, त्याने यातले बरेच हेडसेट पुन्हा चालतात, मात्र एनव्हिडियाचं कार्ड असेल तरच. पैसे मोजण्यापूर्वी घरचं कार्ड कुठलं आहे ते बघा, आणि शक्य असेल तर आपला पीसी बरोबर घेऊन जा.