चालकविरहित मोटारीच्या विकासात मशीन लर्निंगचे स्थान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भीमपूर मंडळ पैनगंगेच्या परिसरात, महाराष्ट्राच्या सीमेवर आहे. त्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. संगणकाला भारतीय रस्ता ओळखायला शिकविण्याचे महत्त्वाचे प्रयत्न या दोन्ही शहरांत झाले. प्रस्तुत लेखात त्यांची पार्श्वभूमी थोडक्यात मांडली आहे.

नियमांकडून अनुभवाकडे

संगणकाला प्रत्येक कृतीचा नियम लिहून देणे ही जुनी पद्धत होय. मशीन लर्निंगमध्ये असंख्य उदाहरणांवरून यंत्र स्वतः नियम शोधते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमरलो यांनी 1989 मध्ये ‘अल्विन’ ही प्रणाली मांडली. पुढे ती चालक स्टिअरिंग कसे वळवितो हे पाहून काही मिनिटांत रस्ता धरायला शिकू लागली. 2004 च्या वाळवंटी स्पर्धेत एकही वाहन अंतिम रेषेपर्यंत पोहोचले नाही. 2005 मध्ये स्टॅनफर्डच्या ‘स्टॅन्ली’ने सुमारे 212 कि.मी. अंतर पार करून स्पर्धा जिंकली. त्या यशात मशीन लर्निंगचा मोठा वाटा होता.

उदाहरणांची मर्यादा

यंत्राला जे दाखविले जाते तेच ते शिकते. 2018 मध्ये अमेरिकेतील टेम्पी येथे चाचणीतील मोटारीच्या धडकेने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा मृत्यू झाला. पादचारी ठरावीक जागेबाहेरही रस्ता ओलांडतात, ही शक्यताच त्या प्रणालीत गृहीत धरलेली नव्हती, असे चौकशीत आढळले. आपल्याकडे तर हे नित्याचे दृश्य!

हैदराबाद आणि नागपूर

हैदराबादच्या आय.आय.आय.टी. संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह हैदराबाद व बंगळूर परिसरातील सुमारे 10,000 छायाचित्रांचा संच तयार केला. त्यात 34 वर्ग असून रिक्षा, जनावरे आणि वाहन उतरू शकेल अशी कच्ची कडपट्टीही वेगळी नोंदविली आहे. युरोपीय शहरांच्या संचांत अशा गोष्टींना फारसे स्थान नव्हते. 2022 मध्ये कंदी येथील आय.आय.टी. हैदराबादच्या आवारात ‘तिहान’ हे चाचणी केंद्र सुरू झाले.

नागपूरची दिशा वेगळी आहे. चालकविरहित मोटारींमुळे रोजगार जाईल म्हणून त्यांना परवानगी देणार नाही, अशी भूमिका नागपूरचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी 2017 मध्ये घेतली. 2021 मध्ये तेथे ‘आयरास्ते’ प्रकल्प सुरू झाला. त्यात शहर बसमधील कॅमेरा धोका ओळखून चालकाला सावध करतो. मशीन लर्निंग तेच. पण चालक जागेवरच राहतो. धोक्याच्या जागांची नोंद झाल्याने रस्ता दुरुस्तीलाही मदत होते.

समारोप

या इतिहासातून दोन प्रश्न पुढे येतात. यंत्राला कोणाचा रस्ता दाखविला जातो? आणि ते चालकाची जागा घेणार की त्याला साथ देणार? गावाकडचा रस्ता, बैलगाडी आणि पायी चालणारे विद्यार्थी उदाहरणांत नसतील तर त्यांची सुरक्षितताही हिशेबात येणार नाही. हे प्रश्न केवळ अभियंत्यांचे नाहीत. इतिहास, अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या अध्यापकांनीही ते वर्गात मांडावेत.