उच्च शिक्षणाचें पहिलें वर्ष आणि मराठवाडा

एखाद्या विद्यापीठाची खरी कसोटी पाहावयाची असेल, तर पदवीदानाच्या समारंभास न जातां त्याच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत जाऊन बसावें. पदवीच्या वर्गांत पोंचलेला विद्यार्थी एका विषयाचा झालेला असतो. त्या विषयाची भाषा, मग ती कोणतीहि असो, त्यानें कशीबशी आपलीशी केलेली असते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. इतिहास, तर्कशास्त्र, अर्थशास्त्र, पदार्थविज्ञान, रसायन, काव्य हे सर्व विषय त्याच्यापुढें एकदमच येऊन उभे राहतात, आणि यांपैकीं कोणाशीं जन्माचें नातें जोडावयाचें हें त्यास वर्ष-दोन वर्षांत ठरवावयाचें असतें. ही पहिली ओळख ज्या भाषेंत करून दिली जाते, तिच्यावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. भाषा परकी असली, तर विद्यार्थी विषयाशीं बोलण्याऐवजीं दुभाष्याशींच बोलत राहतो. पहिल्या वर्षाचा इतिहास म्हणजे ज्ञानमंदिराच्या देवडीचा इतिहास होय. आंत कोण गेला आणि बाहेर कोण राहिला, हें तेथेंच कळतें.

हा इतिहास समजून घेण्यास धाराशिव जिल्ह्यांतील ढोकी हें गांव फार सोयीचें आहे. प्राचीन तगर नगर म्हणून ओळखलें जाणारें तेर येथून जवळच. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापारी-वृत्तांतांत त्या नगराचा मोठी पेठ म्हणून उल्लेख आहे. अलीकडच्या काळांत ढोकीचें नांव तेरणा सहकारी साखर कारखान्यामुळें सर्वत्र परिचित झालें. परंतु आपल्या विषयाशीं संबंध आहे तो येथील आगगाडीचा. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फूट रुंदीचा मार्ग १९११ सालीं लातूरपर्यंत पोंचला, आणि ढोकी हें त्यावरील एक स्टेशन झालें. पश्चिमेस बार्शी, म्हणजे सोलापूर जिल्हा व मुंबई इलाखा. पूर्वेस लातूर, आणि तेथून पुढें निजामाची राजधानी हैदराबाद. ढोकी स्वतः निजामी मुलखांत. २०२३ सालीं धाराशिव हें नांव अधिकृतपणें परत मिळालेला हा जिल्हा तेव्हां सातव्या निजामाच्या नांवानें उस्मानाबाद म्हणून ओळखला जाई. गाडी एकच; पण तिच्या एका दिशेनें कॉलेजांत गेलेल्या मुलास सर्व विषय इंग्रजींतून शिकावे लागत, आणि दुसऱ्या दिशेनें गेलेल्यास, १९१९ नंतर, उर्दूंतून. घरांत, बाजारांत आणि कीर्तनांत जी भाषा तो ऐकत वाढला, ती या दोन्ही वाटांच्या शेवटीं त्याची वाट पाहत उभी नव्हती.

पश्चिमेकडील वाटेची हकीकत आधीं पाहूं. मराठींत शास्त्रीय विषय शिकवितां येत नाहींत, ही समजूत विद्यापीठें स्थापन होण्यापूर्वीं मुंबईस नव्हती. १८२० नंतरच्या दशकांतच कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्यानें गणिताचीं पुस्तकें मराठींत आणलीं. बाळशास्त्री जांभेकर यांनीं एल्फिन्स्टन विद्यालयांत अध्यापन करीत असतांना मराठींत शालोपयोगी ग्रंथरचना केली. मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें १८४० नंतरच्या दशकांत सर अर्स्किन पेरी व जर्व्हिस यांच्यामध्यें प्रसिद्ध वाद झाला. पेरी यांचा ओढा इंग्रजीकडे. जर्व्हिस व त्यांच्या बाजूस उभे असलेले जगन्नाथ शंकरशेट यांचें म्हणणें असें, कीं लोकांपर्यंत विद्या पोंचवावयाची तर ती लोकांच्या भाषेंतूनच पोंचेल. वाद झाला, पण वरच्या वर्गांत इंग्रजीचाच जय झाला. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें आणि पुढील दशकांत सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या प्रभावाखालीं देशी भाषांना मॅट्रिकच्या पुढील परीक्षांतून रजा मिळाली. संस्कृत किंवा लॅटिन घेतां येई, पण मराठी घेतां येत नसे. १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. मराठीस विद्यापीठांत पुन्हा स्थान मिळावें म्हणून रानड्यांनीं आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट केली, आणि तिला फळ आलें तें त्यांच्या निधनाच्या सुमारास, एम्. ए. च्या परीक्षेंत. म्हणजे मराठीस वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. देवडी मात्र इंग्रजीचीच राहिली.

देवडीच मराठीची करण्याचा पहिला प्रयत्न विद्यापीठाबाहेर झाला. १९१६ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं पुण्यास महिला विद्यापीठ स्थापिलें. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाविषयींची एक पुस्तिका हातीं आल्यानें त्यांच्या मनांत ही कल्पना रुजली होती. शिक्षण मातृभाषेंतून व्हावें आणि इंग्रजी हा एक आवश्यक विषय असावा, हा त्या योजनेचा पाया. या विद्यापीठाचे पहिले कुलपति झाले ते डॉ. भांडारकर. ज्यांनीं ऐन तारुण्यांत इंग्रजीच्या देवडींतून प्रवेश केला, त्यांनींच म्हातारपणीं मराठीच्या देवडीवर उभें राहून मूठभर मुलींचें स्वागत करावें, यांत एका पिढीचा सारा अनुभव सांठलेला आहे. परंतु या संस्थेपाशीं सरकारची मान्यता नव्हती व खजिनाहि नव्हता. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लाखांची देणगी देऊं केली तेव्हां तिला स्थैर्य आलें. तथापि तिच्या पदवीस कायद्याचा पाठिंबा मिळण्यास १९५१ साल उजाडावें लागलें. जिच्या पदवीनें नोकरी मिळत नाहीं, त्या संस्थेकडे मुलांचे बाप वळत नाहींत, आणि मुलींचेहि फार थोडे वळतात. क्रमिक पुस्तकें छापावयाचीं तर गिऱ्हाईक नाहीं, आणि गिऱ्हाईक मिळावें तर पुस्तकें नाहींत, अशी ही अडचण होती.

आतां पूर्वेकडील वाट. हैदराबादेस निजाम कॉलेज होतें, पण तें मद्रास विद्यापीठाशीं जोडलेलें आणि इंग्रजी माध्यमाचें. १९१७ सालीं अकबर हैदरी यांनीं निजामापुढें एक खलिता ठेवला. परकी भाषेच्या ओझ्याखालीं विद्यार्थ्याची विचारशक्ति दबून जाते, म्हणून संस्थानानें स्वतःचें विद्यापीठ काढून तेथें उर्दूंतून शिकवावें, असा त्याचा आशय होता. निजामानें त्यास संमति दिली. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठाची सनद निघाली व १९१९ सालीं इंटरमिजिएटचे, म्हणजे पदवीपूर्व पायाभूत शिक्षणाचे, वर्ग सुरू झाले. पहिल्या तुकडींत सव्वादोनशे विद्यार्थी व पंचवीस अध्यापक होते. इंग्रजी हा सक्तीचा विषय, आणि बाकी सर्व शिक्षण उर्दूंत.

यांतील ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट ही, कीं वर्ग उघडण्यापूर्वींच १९१७ सालीं भाषांतराचें स्वतंत्र खातें, दार-उल्-तर्जुमा, उघडण्यांत आलें. आधीं पुस्तक, मग वर्ग, हा क्रम चालकांनीं धरला. या खात्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक हे औरंगाबादेस शिक्षण खात्यांत होते, आणि पुढें तेथील इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्यहि झाले. म्हणजे उर्दूंतील या प्रचंड उद्योगाचा एक पाय मराठवाड्यांतच रोंवलेला होता. परिभाषा कशी घडवावी यावर तेथें कडाक्याचे वाद झाले. नवे शब्द केवळ अरबींतून घ्यावेत असें एका पक्षाचें म्हणणें. उर्दू ही मूळची आर्यकुळांतील भाषा आहे, तेव्हां तिच्या घरचे प्रत्यय व समास वापरून शब्द बनवावेत, असें वहीदुद्दीन सलीम यांनीं १९२१ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें. एका बाजूस विषयाचे जाणकार आणि दुसऱ्या बाजूस भाषेचे जाणकार असे एकत्र बसून शब्द ठरवीत. इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक अशा विषयांवरील तीनशेंहून अधिक ग्रंथ या खात्याच्या हातून तयार झाले. हिंदी भाषांत शास्त्रें शिकवितां येत नाहींत, या आक्षेपास यापेक्षां चांगलें उत्तर कोणी दिलेलें नाहीं.

पण ढोकीच्या मुलाचें काय? हैदराबाद संस्थानांत निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलणारे, सुमारें एकचतुर्थांश मराठी, कानडी त्याच्या निम्मे, आणि उर्दू मातृभाषा असलेले दहांत एखादा. ज्या खलित्यांत परभाषेच्या ओझ्याचें इतकें मार्मिक निदान केलें होतें, त्याच खलित्यावरून निघालेल्या विद्यापीठानें बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या डोक्यावर दुसरें ओझें ठेविलें. मराठी तेथें शिकतां येई, पण एक विषय म्हणून. मराठी मुलास रसायनाची पहिली व्याख्या ज्या शब्दांत भेटे, ते शब्द त्यास इंग्रजीपेक्षां थोडे जवळचे असतील, आपले नव्हते. माध्यमिक शिक्षणाचीहि हीच रीत असल्यानें लोकांनीं स्वतःच्या शाळा काढल्या. हैदराबादचें विवेकवर्धिनी व गुलबर्ग्याचें नूतन विद्यालय हीं १९०७ सालचीं. औरंगाबादचें सरस्वती भुवन १९१५ सालचें. आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतच हिप्परगें येथें १९२१ सालीं निघालेली राष्ट्रीय शाळा, जेथें पुढें स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. पण या शाळांतून निघालेल्या मुलासहि कॉलेजची देवडी ओलांडतांना घरची भाषा बाहेर ठेवावीच लागे.

भाषेचा हा दुरावा मनाच्या दुराव्यापासून फार काळ वेगळा राहूं शकला नाहीं. १९३८ च्या अखेरीस औरंगाबाद व हैदराबाद येथील वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली; विद्यार्थ्यांनीं संप केला, आणि त्यांना मोठ्या संख्येनें कॉलेजांतून काढून टाकण्यांत आलें. नागपूर विद्यापीठानें त्यांतील पुष्कळांना प्रवेश दिला. त्या तंट्याचें कारण एक गीत होतें. परंतु विद्यापीठ आपलें आहे अशी भावना विद्यार्थ्यांत असती, तर तो इतका पेटला नसता, असें आम्हांस वाटतें.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली, आणि एक विचित्र गोष्ट घडली. उर्दूची जागा मराठी, तेलुगू व कानडी यांना न मिळतां ती इंग्रजीस मिळाली. मराठवाड्यांतील लोकांस १९५० सालीं आपलीं कॉलेजें लाभलीं; डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचें औरंगाबादेस, व नांदेडचें पीपल्स कॉलेज. तींहि आरंभीं उस्मानियाशींच जोडलेलीं होतीं. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन झालें तेव्हां ढोकीच्या मुलास प्रथमच मराठी मुलखांतील आपल्या विभागाचें विद्यापीठ मिळालें. कालांतरानें महाराष्ट्रांत कला व वाणिज्य या शाखांत मराठी माध्यम रुळलें. विज्ञानाचे वर्ग मात्र इंग्रजींतच राहिले. १९६८ नंतर केंद्र सरकारनें प्रत्येक राज्यास देशी भाषांतील विद्यापीठीय ग्रंथांसाठीं एक कोट रुपयांपर्यंत साहाय्य देऊं केलें व नागपुरास ग्रंथनिर्मिति मंडळ स्थापन झालें. चांगलीं पुस्तकें निघालीं. पण आतां क्रम उलटा होता. वर्ग आधीं चालू झाले, पुस्तकें मागून आलीं, आणि दरम्यानच्या काळांत विद्यार्थ्यांनीं ‘गाइडां’वर भागविलें. मराठी माध्यमाची जी अपकीर्ति झाली, तिचें बरेंचसें मूळ या मधल्या पोकळींत आहे.

या सर्व हकीकतीचा मेळ घातला, तर दोन प्रयोग समोरासमोर उभे राहतात. कर्व्यांपाशीं विद्यार्थिनींची स्वतःची भाषा होती, पण सत्ता व खजिना नव्हता. निजामापाशीं सत्ता, खजिना आणि पुस्तकांची सिद्धता होती, पण विद्यार्थ्यांची भाषा नव्हती. दोहोंपाशीं अर्धेंअर्धें सत्य होतें. १९६० सालीं मराठी राज्य झालें तेव्हां दोन्ही अर्धीं एकाच हातांत आलीं. परिभाषा कोश झाले, विश्वकोशाचें मोठें कार्य उभें राहिलें. मात्र पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास प्रत्येक शास्त्राची सुबोध, अद्ययावत व अधिकारी ओळख करून देणारी ग्रंथमाला, दर कांहीं वर्षांनीं सुधारून निघणारी, हें साधें व कष्टाचें काम मागें पडलें. विश्वकोश ही गच्ची आहे. गच्ची बांधून जिना विसरलेल्या घरासारखी आपली स्थिति झाली.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें हा प्रश्न पुन्हा दारांत आणून उभा केला आहे. कला, विज्ञान व वाणिज्य यांच्या भिंती पहिल्या वर्षांत कमी कराव्या आणि मातृभाषेंतून उच्च शिक्षणास उत्तेजन द्यावें, असें तें सांगतें. साहित्याच्या विद्यार्थ्यानें थोडें विज्ञान व विज्ञानाच्या विद्यार्थ्यानें थोडा इतिहास शिकावा, हा हेतु चांगलाच आहे. परंतु ज्यास एकच विषय परभाषेंत झेपत नाहीं, त्याच्यापुढें पांच नवे विषय त्याच भाषेंत मांडल्यास त्याचा गोंधळ पांचपट होईल. म्हणून अभ्यासक्रम जाहीर करण्यापूर्वीं पुस्तकाकडे पाहिलें पाहिजे. शंभर वर्षांपूर्वीं हैदराबादेंतील चालकांनीं जो क्रम धरला तो उचलावा, त्यांनीं जी चूक केली ती टाळावी. बार्शीचा तो लहान रुळांचा मार्ग जाऊन ढोकीवरून आतां रुंद रुळांची गाडी धांवते. गांवची मुलें तिनें लातुरास, सोलापुरास, पुण्यास शिकावयास जातात. रूळ बदलण्याचें काम सरकारनें केलें. पहिल्या वर्षाचीं पुस्तकें लिहिण्याचें काम मात्र सरकार, विद्यापीठें आणि मराठींतील जाणते अध्यापक या सर्वांनीं मिळून करावयाचें आहे, आणि तें अद्याप व्हावयाचेंच आहे.