छोट्या मत्स्यटाकीत दिवा कोणता, किती आणि किती वेळ?

अहिल्यानगर - दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दोन फुटी मत्स्यटाकी ठेवून तिच्यात जिवंत पाणवनस्पती वाढविण्याची हौस अनेकांना असते. मात्र, ही जलबाग बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांतच शेवाळाखाली गुदमरते आणि रिकामी टाकी माळ्यावर जाते. दोष पाण्याला किंवा खताला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा कारण असते ते गरजेपेक्षा अधिक प्रकाशाचे.

प्रकाश ठरवितो वाढीचा वेग
प्रकाश वाढला, की वनस्पतींची कार्बन डायऑक्साइड व पोषकद्रव्यांची मागणीही वाढते. हा वायू हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे दहा हजार पट संथ पसरतो. त्यामुळे सिलिंडरमधून तो पुरविण्याची सोय नसलेल्या टाकीत तीव्र दिवा लावल्यास वनस्पती उपाशी राहतात आणि उरलेल्या प्रकाशाचा लाभ शेवाळ उठविते. मेलेली पाने कुजू लागली, की पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड काढू लागतात. म्हणूनच आधी वनस्पती निवडाव्यात आणि मग दिवा.

वॅट नव्हे, ल्युमेन
ट्यूबलाइटच्या काळातील ‘लिटरमागे इतके वॅट’ हा हिशेब एलईडीला लागू पडत नाही. वॅट म्हणजे विजेचा खप. प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात व हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. ढोबळ ठोकताळा असा :
- सावलीतल्या वनस्पती (जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरिन) : लिटरमागे १० ते २० ल्युमेन
- मध्यम गरजेच्या वनस्पती : २० ते ४० ल्युमेन
- लाल पानांच्या व जमिनीलगत पसरणाऱ्या नाजूक वनस्पती : ४० हून अधिक, सोबत कार्बन डायऑक्साइड आवश्यक

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत रेती-दगड वगळता साधारण ५० लिटर पाणी मावते. घरगुती ९ वॅटचा एलईडी बल्ब सुमारे ९०० ल्युमेन देतो, म्हणजे लिटरमागे १८. बल्बचा प्रकाश चहूकडे फाकत असल्याने वर पांढरे झाकण वा परावर्तक हवा. टाकीच्या लांबीची एलईडी पट्टी प्रकाश अधिक समान पसरविते.

रंगाचा प्रश्न
खोक्यावरील ६५०० केल्विन (कूल डेलाइट) हा आकडा प्रकाशाची छटा सांगतो, तीव्रता नव्हे. ही छटा वनस्पतींना मानवते आणि मासेही नैसर्गिक दिसतात. जांभळट ‘ग्रो लाइट’ची गरज नाही.

स्थानिक हवा-पाणी
नगरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. खिडकीतील थेट ऊन शेवाळ वाढविते व लहान टाकीचे पाणी झपाट्याने तापविते. हॅलोजनही याच कारणाने टाळावा. विंधन विहिरीचे पाणी जड असेल, तर हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया सोयीच्या ठरतात. जड पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही त्या कार्बन मिळवू शकतात.

वेळ पाळणे महत्त्वाचे
सुरुवातीस रोज सहा तास, वनस्पती रुजल्यावर आठ तास प्रकाश पुरेसा होतो. घरची मंडळी संध्याकाळी टाकी पाहत असल्यास दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ ठेवता येते. वीज गेल्याने साधा टायमर मागे पडतो. बॅटरीचा डिजिटल टायमर घ्यावा. बुडालेले तास रात्री जागून भरून काढू नयेत. काही तासांच्या अंधाराने वनस्पती मरत नाहीत. शेवाळ दिसताच प्रथम तास कमी करावेत किंवा दिवा काही इंच वर उचलावा.

सुरक्षितता
दिवा पाणीरोधक (आयपी ६५ वा त्याहून अधिक) असावा. वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी सोडून मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. घरात ईएलसीबी बसविलेला असावा आणि टाकीत हात घालण्यापूर्वी सर्व उपकरणांचा वीजपुरवठा बंद करावा.