अंगण वाकडेच होते : लाँग आयर्न आणि हायब्रिड

मराठीत ‘हायब्रिड’ हा शब्द शेतातून आला. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण प्रसारित झाले आणि थोड्याच वर्षांत हा शब्द खेडोपाडी रुळला. पीक भरघोस आले, कणग्या भरल्या. पण भाकरीला मालदांडीची चव नाही, ही कुरकुरही त्याबरोबरच सुरू झाली. पुढे हे विशेषण माणसांनाही लागले. ‘हायब्रिड पिढी’ म्हणजे वाढ झटपट आणि कस कमी, असा अर्थ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात सहज येऊ लागला. गोल्फच्या खेळात याच नावाचा क्लब आला तेव्हा त्याच्यावरचा आक्षेपही नेमका हाच होता. चेंडू सहज उडतो, लांब जातो, हे सारे खरे. पण त्यात कस कुठे आहे? हा आक्षेप कुठून आला आणि तो कितपत टिकतो, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्यांचा या खेळाशी परिचय नाही अशा वाचकांसाठी थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. गोल्फ खेळणाऱ्याला एका फेरीत जास्तीत जास्त चौदा क्लब जवळ बाळगता येतात. लांबच्या फटक्यासाठी जाड, फुगीर डोक्याचे ‘वूड’, मधल्या व जवळच्या अंतरांसाठी लोखंडी पात्याची ‘आयर्न’ आणि शेवटी चेंडू भोकात ढकलण्यासाठी पटर, अशी त्यांची ढोबळ विभागणी आहे. आयर्नना क्रमांक असतात. क्रमांक जितका लहान, तितकी दांडी लांब आणि पात्याचा कल कमी. या कलाला लॉफ्ट म्हणतात. एक ते चार क्रमांकांची ती लाँग आयर्न. त्यांचे पाते जवळजवळ उभे असते. त्यामुळे चेंडू वर चढण्यासाठी लागणारा वेग व नेमकेपणा सर्वस्वी खेळणाऱ्याच्या अंगचा असावा लागतो. पात्याच्या मध्यापासून अर्धा इंच चुकले तरी हातांना झिणझिण्या येतात आणि चेंडू गवतातून सरपटत जातो.

हे क्रमांक फार जुने नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत क्लबना क्लीक, मॅशी, निब्लिक, ब्रॅसी, स्पून अशी नावे होती आणि दांड्या हिकरी लाकडाच्या होत्या. प्रत्येक दांडी वेगळी लवायची. प्रत्येक क्लबची खोड वेगळी असायची. अमेरिकेच्या नियामक संस्थेने १९२४ साली आणि स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या संस्थेने १९२९ साली पोलादी दांडीला मान्यता दिली. एकसारख्या दांड्या कारखान्यात बनू लागल्यावर एकसारखे संच आले आणि १९३०च्या दशकात नावांची जागा आकड्यांनी घेतली. संच इतके फुगले की काही नामवंत खेळाडू वीस-पंचवीस क्लब मैदानावर नेत. ते ओझे अर्थातच कॅडीच्या खांद्यावर असे. अखेर अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली चौदाची मर्यादा आली. आज हायब्रिड की लाँग आयर्न असा प्रश्न पडतो, त्याचे मूळ या मर्यादेत आहे. एक क्लब आत घ्यायचा तर दुसरा बाहेर काढावा लागतो.

लाँग आयर्नला प्रतिष्ठा मिळाली ती पुढच्या काही दशकांत. १९५० सालच्या जून महिन्यात अमेरिकेतील मेरियन येथे यू. एस. ओपन स्पर्धेच्या अखेरच्या भोकावर बेन होगनने एक नंबरच्या आयर्नने चेंडू ग्रीनवर पोहोचवला. त्याआधी सोळा महिने एका बसच्या धडकेत त्याचे शरीर मोडले होते आणि तो पुन्हा चालेल की नाही, याचीच डॉक्टरांना शंका होती. त्या फटक्यामुळे त्याने बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशी फेरलढतीत विजेतेपद मिळवले. पाठमोऱ्या होगनचे ते छायाचित्र या खेळातील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक आहे. तो क्लब त्याच सुमारास चोरीला गेला आणि तीन दशकांनंतर सापडला, यामुळे दंतकथेत भरच पडली. पुढे १९७२ साली पेबल बीच येथे जॅक निक्लॉसने एक नंबरच्याच आयर्नने समुद्रावरच्या वाऱ्यात सतराव्या भोकाच्या निशाणकाठीवर चेंडू आदळवला. ली ट्रेव्हिनो मात्र विनोदाने सांगे की, विजा कडाडू लागल्या तर एक नंबरचे आयर्न आकाशाकडे उंच धरावे, कारण ते देवालाही मारता येत नाही. ट्रेव्हिनोवर १९७५ साली मैदानातच खरोखर वीज पडली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या विनोदाची धार कळते.

या कथांचा परिणाम असा झाला की जे अवजार जगातल्या मूठभर माणसांना वश होते, ते प्रत्येकाच्या पिशवीत जाऊन बसले. कारखाने ते संचातच विकत. ज्याला मारता येत नसे त्याला सांगितले जाई की दोष तुझ्या हातांचा आहे, सराव कर. आपल्याकडे याला तयार म्हण आहे : नाचता येईना अंगण वाकडे. म्हण खरीच आहे. पण अंगण सरळ आहे, असे ती गृहीत धरून चालते.

अंगण तपासून पाहणारी माणसे खेळाच्या बाहेरून आली. कार्स्टन सोल्हाइम हा जनरल इलेक्ट्रिकमधील अभियंता. चेंडू मध्यावर लागत नसेल तर वजन मध्यावर का ठेवायचे, असा त्याचा साधा प्रश्न होता. पात्याची पाठ पोखरून ते वजन त्याने कडांना दिले. त्यामुळे फटका चुकला तरी पाते हातात कमी वळते. १९७५ साली कोब्रा कंपनीचा ‘बॅफलर’ आला. त्याच्या तळाला दोन धावा होत्या, ज्यांमुळे तो दाट गवतातून घसरत जाई. १९७९ साली गॅरी अॅडम्सने टेलरमेड कंपनी काढून लाकडी डोक्याच्या जागी पोकळ पोलादी डोके आणले. पोलाद पोकळ ओतता येते म्हणजे वजन हवे तिथे ठेवता येते, हा या साऱ्यातला कळीचा धडा. १९९०च्या दशकात बार्नी अॅडम्सचा ‘टाइट लाइज’ आला आणि २०००नंतर टेलरमेडच्या ‘रेस्क्यू’सारख्या क्लबांनी आजच्या हायब्रिडचे रूप पक्के केले. त्याची दांडी आयर्नच्या जवळपास जाणारी, डोके मात्र छोट्या वूडसारखे. वजन खाली आणि मागे असल्यामुळे चेंडू उंच उडतो आणि ग्रीनवर कमी घरंगळतो. आयर्नच्या पातळ पात्याला दाट गवताचा विळखा बसतो आणि तोंड फिरते. हायब्रिडचा रुंद तळ त्याच गवतावरून सरकतो. याचा अर्थ असा की लाँग आयर्नच्या अवघडपणातला बराचसा भाग कौशल्याची कसोटी नव्हता. तो वजन चुकीच्या जागी असल्याचा परिणाम होता. अंगण वाकडेच होते.

हे मैदानावर सिद्ध व्हायला वेळ लागला नाही. २००४ साली रॉयल ट्रून येथे ब्रिटिश ओपनच्या फेरलढतीत टॉड हॅमिल्टनने शेवटच्या भोकावर हायब्रिडनेच चेंडू जमिनीलगत ढकलून भोकाशी नेला आणि एर्नी एल्सला हरवले. २००९ साली हेझल्टाइन येथे पीजीए अजिंक्यपदाच्या अखेरच्या भोकावर दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांगने दोनशे यार्डांहून लांबून हायब्रिडने चेंडू निशाणकाठीजवळ थांबवला आणि टायगर वूड्सवर मात केली. प्रमुख स्पर्धेत तीन फेऱ्यांअखेर आघाडीवर असलेला वूड्स तोवर कधीच हरला नव्हता. मला या लढतीत एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. वूड्स दोन वर्षांचा असताना दूरचित्रवाणीवर चेंडू मारत होता. यांगने क्लब हातात घेतला तो एकोणिसाव्या वर्षी, चेंडू गोळा करण्याचे काम करताना.

लाँग आयर्नचा खरा प्रश्न इथे उघडा पडतो. त्याला ताकदीहून अधिक वेळ लागतो, आणि तोही लहानपणीचा. असा वेळ कोणाजवळ होता, हे आपल्याकडच्या गोल्फच्या इतिहासात स्पष्ट दिसते. कलकत्त्याचा क्लब १८२९चा, मुंबईचा १८४२चा. दोन्ही साहेबांचे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ साली निघाला. गावोगावच्या छावण्यांतही मैदाने होती. नाशिकच्या मध्यवस्तीतील मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव दिले गेले तरी लोकांच्या तोंडी अजूनही ‘गोल्फ क्लब मैदान’च आहे. साहेब गेले, पण सभासदत्वाच्या भिंती राहिल्या. ज्यांच्या घरात सभासदत्व होते त्यांची मुले दहाव्या वर्षी लाँग आयर्न मारायला शिकत.

मात्र मैदानावर लहानपण घालवणारा आणखी एक वर्ग होता : कॅडी. चेंबूरच्या क्लबशेजारच्या वस्तीतील कॅडींनी आणि त्यांच्या पोरांनी बांधकामाची लोखंडी सळई वाकवून क्लब केले आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत स्वतःचा गोल्फ उभा केला. त्या खेळाची दखल पुढे परदेशी छायाचित्रकारांनी व वार्ताहरांनी घेतली. २०२३ साली त्याच विषयावर ‘स्लम गोल्फ’ नावाची हिंदी वेब-मालिकाही आली. एक सळई, तिचे बोटभर तोंड, आणि सगळे फटके तिनेच मारायचे : जगातले कोणतेही लाँग आयर्न याहून क्षमाशील असते. ज्याने सळईवर हात बसवला त्याला दोन नंबरच्या आयर्नची भीती कशी वाटावी? म्हणून लाँग आयर्न हे केवळ श्रीमंतांचे अवजार होते, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. ते दोन टोकांच्या माणसांचे होते. एकाजवळ फुरसतीचा वेळ होता, दुसऱ्याजवळ मजुरीचा. पण दोघांचेही बालपण त्या गवतावर गेले होते.

मधला माणूस या खेळात उशिरा आला, आणि त्याचे गाव नवी मुंबई. सिडकोची स्थापना १९७० सालची. खाडीपलीकडे वसलेल्या या शहरात पहिली पिढी आली ती नोकरी व घर यांच्या शोधात. तिच्या कार्यक्रमात गोल्फ नव्हता. या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिडकोने खारघरच्या डोंगरांच्या कुशीत, पांडवकड्याच्या परिसरात गोल्फचे मैदान सुरू केले. ते एखाद्या क्लबच्या सभासदांपुरते नाही. शुल्क भरून तिथे खेळता येते. वारसा नसलेल्या, चाळिशीत पहिल्यांदा क्लब धरणाऱ्या आणि आठवड्यातून जेमतेम एक सकाळ मोकळी असणाऱ्या माणसाला अशाच मैदानामुळे या खेळात शिरता येते. त्याला दहा वर्षे तीन नंबरचे आयर्न घोटायला सांगणे म्हणजे दार उघडून उंबरठा उंच करण्यासारखे आहे. हायब्रिड हा त्याचा क्लब आहे.

निवड करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आकड्यांचे अर्थ बदलले आहेत. १९७०च्या दशकात सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट साधारण पस्तीस अंशांच्या आसपास असे. आज अनेक संचांत तो तीसच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो. म्हणजे आजच्या चार नंबरच्या पाठीवर जुने दोन किंवा तीन नंबर लपलेले असते. चार आणि पाच नंबरच्या आयर्नने मारलेले चेंडू जर एकाच जागी पडत असतील, तर चार नंबर काढून त्याच लॉफ्टचा हायब्रिड ठेवावा. मारणाऱ्याचा वेगच त्या पात्याला पुरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. उलट ज्याचा वेग मुळातच जास्त आहे त्याचा चेंडू हायब्रिडने (उजव्या हाताच्या खेळाडूच्या बाबतीत) डावीकडे वळण्याचा संभव असतो, आणि वाऱ्यात फार उंच जातो. २००६ साली हॉयलेक येथे ब्रिटिश ओपन जिंकताना वूड्सने चार दिवसांत ड्रायव्हर एकदाच वापरला. कोरड्या, कडक जमिनीवर टीवरून बहुतेक फटके त्याने लाँग आयर्ननेच, खाली ठेवून मारले. अशा मैदानांसाठी व्यावसायिक खेळाडू आजही लोखंडी पाते पिशवीत ठेवतात.

तेव्हा नुकसान काहीच झाले नाही, असे म्हणता येणार नाही. वाऱ्याखालून जाणारा तो ठेंगणा, सरळ फटका आता फार थोड्यांना येतो, आणि येणारे आणखी कमी होत जातील. मालदांडीची भाकरी गोड असते, हे हायब्रिड ज्वारी पिकवणाऱ्यालाही ठाऊक होते. त्याने वाण बदलले ते चव कळत नव्हती म्हणून नव्हे, तर घरात खाणारी तोंडे होती म्हणून. ज्याला सवड व हौस आहे त्याने लाँग आयर्न जरूर शिकावे. ती कला आहे. ती येत नसणाऱ्याला मात्र कमी लेखू नये. खारघरला रविवारी सकाळी कुणी हायब्रिड काढला, तर इतकेच समजावे की त्याचे लहानपण दुसरीकडे कुठेतरी खर्च झाले होते.