बाळंतिणीचा सुजलेला पाय

नाशिकच्या गोदाकांठच्या जुन्या वाड्यांतून, महाराष्ट्रांत इतरत्र होता तसाच, बाळंतिणीस सव्वा महिना शेक, मालीश आणि विश्रांति देण्याचा परिपाठ होता. त्या काळजीचें मोल थोर आहे. परंतु बाळंतिणीचा एकच पाय सुजून ठणकूं लागला, तर तें कशामुळें, या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास जगाला तीनशें वर्षें लागलीं.

१६६८ सालीं फ्रेंच वैद्य मोरिसो यानें या विकाराचें वर्णन केलें. अठराव्या शतकांत युरोपांतील अनेक वैद्यांस वाटे कीं, आईचें दूधच वाट चुकून पायांत उतरतें. पायाच्या शिरेंतील रक्ताची गुठळी निसटून फुप्फुसांत जाऊन अडकते, हें जर्मन पंडित रुडॉल्फ विर्खो यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखविलें. पण कांहीं जणांचेंच रक्त असें कां गोठतें? १९६५ सालीं नॉर्वेंतील एगेबर्ग यांस एका कुटुंबांत रक्त गोठणें आवरणारें अँटिथ्रॉम्बिन हें प्रथिन कमी आढळलें. गुठळ्यांचा विकार त्या घराण्यांत पिढीजात होता. पुढें १९८१ मध्यें प्रोटीन सी व १९८४ मध्यें प्रोटीन एस यांच्या उणिवेची ओळख पटली.

प्रसूतींतील रक्तस्रावाची तरतूद निसर्ग गरोदरपणींच करून ठेवतो. रक्त गोठविणारीं प्रथिनें वाढतात, प्रोटीन एस घटतें. जी व्यवस्था मातेचा प्राण राखते, तीच क्वचित् तिच्यावर उलटते.

या कथेचा एक धागा मुंबईचा आहे. १९५२ सालीं डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं तेथें ‘बॉम्बे’ हा दुर्मिळ रक्तगट प्रकाशांत आणला. पुढें १९६९ मध्यें अमेरिका, ब्रिटन व स्वीडन येथील पाहणींत असें दिसलें कीं, गुठळी झालेल्या तरुण स्त्रियांत, विशेषतः संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्यांत, ‘ओ’ गटाच्या स्त्रिया अपेक्षेहून थोड्या आहेत. कारण मागाहून उमगलें. ज्या शर्करांवरून रक्तगट ठरतो, त्याच फॉन विलेब्रांड या गोठण्यास साहाय्य करणाऱ्या प्रथिनावरही जडलेल्या असतात. ‘ओ’ गटांत हें प्रथिन सुमारें पाव हिश्शानें कमी असतें. ‘बॉम्बे’ गटांत त्याहूनही कमी.

गुठळीचें भय प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत सर्वाधिक; म्हणजे जवळजवळ तोच सव्वा महिना. म्हणून एकच पाय सुजला तर तो तेल लावून चोळूं नये, डॉक्टरांस सत्वर दाखवावा. धाप लागल्यास तर क्षणाचाही विलंब नको. बाकीची माया वाड्यांतील वडीलधाऱ्या बायका जाणतातच.